मोटारशर्यतीतील डावपेच : पाऊस व पात्रताफेरी

मोटारगाड्यांच्या शर्यतीत एंजिनाची शक्ती व चालकाचे कौशल्य यांच्या जोडीला निर्णयशक्तीचाही कस लागतो. कोणते टायर वापरावेत, ते कोणत्या फेरीत बदलावेत, गाडीची जुळणी कशी ठेवावी, पुढील गाडीस केव्हा गाठावे आणि केव्हा वाट पाहावी, या परस्परावलंबी निर्णयांच्या मालिकेस शर्यतीचे डावपेच म्हणतात. या निर्णयांना दोन प्रमुख मर्यादा असतात. पाऊस ही निसर्गाची मर्यादा असून ती पूर्वसूचनेशिवायही येऊ शकते. पात्रताफेरीचे नियम ही मानवनिर्मित मर्यादा असून कोणती गाडी शर्यतीस पात्र आहे व ती कोणत्या स्थानावरून निघेल, हे त्या नियमांनी ठरते. या दोन मर्यादा एकत्र येतात, तेव्हा कोरड्या हवामानात जवळजवळ निश्चित वाटणारा निकाल पालटू शकतो. त्याच वेळी चालकांच्या जीविताचा प्रश्नही सर्वांत तीव्रतेने उभा राहतो.

महाराष्ट्रातील वाचकास या विषयाचे मूलभूत शास्त्र अपरिचित नाही. रायगड जिल्ह्यातील पनवेल येथून पुण्याकडे आणि गोव्याकडे जाणारे रस्ते फुटतात व लगतच्या कळंबोलीहून मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग सुरू होतो. कोकणपट्टीत वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत या काळातील सरासरी पर्जन्यमान २,२०० मिमी.हून अधिक आहे. पनवेलजवळ भर पावसात वेगाने जाणारी गाडी एकाएकी हलकी वाटू लागते, सुकाणूचक्र सैल पडल्यासारखे होते व पुढील वाहनाच्या चाकांनी उडविलेल्या तुषारांत रस्ता दिसेनासा होतो. शर्यतीच्या मार्गावर हेच सर्व तिप्पट वेगाने घडते.

पाणी व टायर : रस्त्यावरील गाडीची पकड रस्ता व टायर यांच्यामधील घर्षणावर अवलंबून असते. सर्वसाधारण गाडीच्या बाबतीत कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणगुणांक सु. ०·८ धरला, तर ताशी १०० किमी. वेगाने जाणारी गाडी गतिरोधक लावल्यापासून सु. ५० मी. अंतरात थांबते. ओल्या रस्त्यावर हा गुणांक ०·४ पर्यंत उतरला, तर तेच अंतर सु. १०० मी. होते. पाण्याचा थर वाढल्यास टायरखालील पाणी वेळेवर बाजूस सारले जात नाही. टायरसमोर पाण्याची पाचर तयार होते, तिचा दाब टायरला वर उचलतो आणि चाक रस्त्याऐवजी पाण्यावर चालू लागते. या आविष्कारास ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. विमानांच्या चाकांवरील प्रयोगांतून काढलेल्या एका सूत्रानुसार ज्या वेगास हा आविष्कार सुरू होतो, तो वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमूळाच्या सम प्रमाणात असतो. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरमध्ये २०० किलोपास्काल दाब असेल व रस्त्यावर पुरेसे पाणी असेल, तर हा वेग ताशी सु. ९० किमी. येतो. टायरवरील खाचा पाण्याला वाट करून देतात म्हणून तो वाढतो.

शर्यतीच्या गाडीचे कोरड्या मार्गावरील टायर मुळातच गुळगुळीत असतात. स्लिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या टायरांचा अधिकाधिक पृष्ठभाग रस्त्यास टेकावा, हा त्यामागील हेतू असतो. ओल्या मार्गासाठी खाचांचे दोन प्रकारचे टायर वापरतात : किंचित ओल्या किंवा सुकत चाललेल्या मार्गासाठी इंटरमीजिएट आणि साचलेल्या पाण्यासाठी पूर्ण पावसाळी टायर. फॉर्म्युला वन शर्यतींना टायर पुरविणाऱ्या पिरेल्ली कंपनीच्या सांगण्यानुसार ताशी ३०० किमी. वेगात एक पूर्ण पावसाळी टायर दर सेकंदास सु. ८५ लि. व इंटरमीजिएट टायर सु. ३० लि. पाणी बाजूस सारतो. या आकड्यांचा अर्थ एका साध्या हिशेबाने कळतो. या वेगात गाडी सेकंदास सु. ८३ मी. अंतर कापते. टायर ०·४ मी. रुंद असेल व पाण्याचा थर केवळ १ मिमी. असेल, तरी सेकंदास सु. ३३ लि. पाणी त्याच्यासमोर येते. म्हणजे इंटरमीजिएट टायरची क्षमता अवघ्या १ मिमी. थराने संपते व पूर्ण पावसाळी टायरची सु. २·५ मिमी. थराने.

यातून एक विसंगती निर्माण होते. टायर जितके अधिक पाणी फेकतो, तितका तुषारांचा पडदा दाट होतो व मागील चालकास काहीच दिसत नाही. पूर्ण पावसाळी टायर ज्या परिस्थितीसाठी बनविले जातात, त्या परिस्थितीत दृश्यमानतेच्या अभावी शर्यत प्रायः थांबविली जाते. त्यामुळे हे टायर प्रत्यक्षात फार कमी वापरले जातात.

पावसात मार्गावरील वाहण्याची रेघही बदलते. कोरड्या दिवसांत वळणावरील ज्या पट्ट्यात टायरांचे रबर साचून पकड वाढते, तोच पट्टा ओला झाल्यावर निसरडा होतो. अनुभवी चालक अशा वेळी वळणाच्या बाहेरच्या बाजूस खडबडीत डांबर शोधतात. पाऊस थांबल्यावर गाड्यांच्या वर्दळीने एक अरुंद कोरडा पट्टा तयार होतो. त्यावर इंटरमीजिएट टायर लवकर तापतात व झिजतात, तर पट्ट्याबाहेर पाऊल टाकणारा स्लिक टायरचा चालक घसरतो.

टायर बदलण्याचा हिशेब : पावसातील डावपेचांचा गाभा पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, कोरड्या मार्गावर एका फेरीस ९० से. लागतात आणि टायर बदलण्यासाठी थांब्याच्या मार्गिकेत जाऊन परत येण्यात २२ से. खर्च होतात. सर सुरू झाल्यावर स्लिक टायरवर एका फेरीस १०४ से. व इंटरमीजिएटवर ९८ से. लागू लागले, तर टायर बदलणाऱ्यास दर फेरीत ६ से. लाभ होतो व थांब्याचा तोटा चार फेऱ्यांत भरून निघतो. तथापि मार्ग सुकल्यावर त्यास पुन्हा स्लिकसाठी थांबावे लागेल. तेव्हा एकूण तोटा ४४ से. होतो आणि तो भरून काढण्यास आठ फेऱ्या लागतात. म्हणजेच सर सात फेऱ्यांच्या आत ओसरणार असेल, तर न थांबणारा चालक पुढे राहतो. मात्र निसरड्या मार्गावर गाडी सावरून धरणे त्यास जमले पाहिजे. सर शर्यत संपेपर्यंत टिकणार असेल, तर दुसऱ्या थांब्याचा प्रश्न उरत नाही व चार फेऱ्या शिल्लक असल्या तरी थांबणे फायद्याचे ठरते.

या हिशेबात सेफ्टी कारमुळे मोठा फरक पडतो. अपघातानंतर मार्ग मोकळा करताना सर्व गाड्यांना एका संथ गाडीमागून जावे लागते. इतर गाड्या संथ असल्याने थांब्याचा तोटा जवळजवळ निम्म्यावर येतो. वरील उदाहरणात तो १२ से. झाला, तर दोन्ही थांब्यांचा खर्च चार फेऱ्यांतच वसूल होतो. दुसरीकडे, परिश्रमाने मिळविलेली आघाडी सेफ्टी कारमागे क्षणार्धात नाहीशी होते. शर्यत लाल निशाण दाखवून पूर्णपणे थांबविली, तर गाड्या उभ्या असतानाच टायर बदलण्यास परवानगी असते आणि आधी न थांबलेल्या चालकास हा बदल फुकटात मिळतो.

आघाडीवरील चालकाची कोंडी आणखी वेगळी असते. त्याने थांबण्याचा निर्णय घेतला, तर मागचा न थांबता पुढे जाऊ शकतो. तो थांबला नाही, तर मागचा थांबून लाभ उठवू शकतो. मागच्यास गमावण्यासारखे कमी असते, म्हणून तो धाडस करू शकतो. पावसात अनपेक्षित विजेते अधिक का निघतात, याचे हे एक कारण होय.

पात्रताफेरीचा इतिहास : प्रारंभीच्या शर्यतींत गाड्या ठराविक कालांतराने एकामागून एक सोडल्या जात. पुढे एकत्र प्रारंभ रूढ झाल्यावर स्थाने चिठ्ठ्या टाकून ठरविली जात. सरावातील वेळेनुसार प्रारंभस्थाने देण्याची पद्धत ग्रां प्री शर्यतींत प्रथम १९३३ मध्ये मोनॅको येथे अवलंबिण्यात आली. मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर पुढील गाडीस ओलांडणे अतिशय कठीण असल्याने तेथे प्रारंभस्थानाचे मोल विशेष असते.

फॉर्म्युला वनमध्ये दीर्घकाळ शुक्रवार व शनिवार अशा दोन दिवसांतील सर्वोत्तम वेळ ग्राह्य धरली जाई. शनिवारी पाऊस आल्यास शुक्रवारचीच वेळ निर्णायक ठरे, म्हणून पहिल्याच दिवशी चांगली वेळ नोंदविणे हा विम्यासारखा उपाय होता. १९९६ पासून शनिवारचा एकच तास व प्रत्येक चालकास बारा फेऱ्या असा नियम आला. २००३ मध्ये एकेका चालकाने एकट्याने एक वेगवान फेरी घेण्याची पद्धत सुरू झाली. तीत आपल्या पाळीच्या वेळी पाऊस येणे, हा निव्वळ नशिबाचा भाग बनला. २००६ पासून तीन टप्प्यांची बाद पद्धत आहे. पहिल्या दोन टप्प्यांत सर्वांत संथ गाड्या बाद होतात आणि उरलेल्या दहा गाड्या तिसऱ्या टप्प्यात अग्रस्थानासाठी झुंजतात. २०१६ मध्ये दर नव्वद सेकंदांनी एक चालक बाद करण्याचा प्रयोग झाला. पण तो दोन शर्यतींनंतर सोडून देण्यात आला.

पात्रताफेरीशी निगडित तीन नियम डावपेचांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला १०७ टक्क्यांचा नियम होय. पहिल्या टप्प्यातील सर्वोत्तम वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत वेळ न देणाऱ्या चालकास शर्यतीत भाग घेता येत नाही. सर्वोत्तम वेळ ९० से. असेल, तर ही मर्यादा ९६·३ से. येते. हा नियम १९९६ ते २००२ या काळात होता व २०११ मध्ये पुन्हा लागू करण्यात आला. त्याच वर्षी मेलबर्न येथील पहिल्याच शर्यतीत भारतीय चालक नारायण कार्तिकेयन याचा संघ या मर्यादेत बसू शकला नाही आणि २०१२ मध्ये तेथेच त्याची पुनरावृत्ती झाली. मार्ग ओला असताना हा नियम काटेकोरपणे लावणे अन्यायाचे ठरते. २०१६ मध्ये हंगेरी येथे मार्ग झपाट्याने सुकत गेल्याने आधी बाद झालेले अनेक चालक मर्यादेबाहेर राहिले. परंतु सरावातील वेळा विचारात घेऊन पंचांनी त्यांना शर्यतीस अनुमती दिली.

दुसरा नियम टायरविषयीचा. कोरड्या शर्यतीत प्रत्येक चालकास किमान दोन वेगळ्या प्रतींचे स्लिक टायर वापरावे लागतात, म्हणजे एक थांबा सक्तीचा होतो. शर्यतीत पावसाळी टायर वापरावे लागले, तर ही सक्ती उरत नाही. २०१४ ते २०२१ या काळात पहिल्या दहा चालकांना पात्रताफेरीच्या दुसऱ्या टप्प्यातील टायरवरच शर्यत सुरू करावी लागे. पात्रताफेरी पावसात झाल्यास त्यातूनही सूट मिळे. अशा रीतीने शनिवारचा पाऊस रविवारचे बंधन सैल करी.

तिसरा नियम गाडीच्या जुळणीचा. पात्रताफेरी सुरू झाल्यानंतर शर्यतीपर्यंत गाडीच्या जुळणीत मोठे बदल करता येत नाहीत. ओल्या मार्गासाठी पंख्यांचा कोन वाढवून गाडी अधिक दाबून धरणे व निलंबन मऊ ठेवणे हितावह असते. कोरड्या मार्गावर त्यामुळे सरळ भागातील वेग घटतो. शनिवार कोरडा व रविवार ओला, असा अंदाज असल्यास संघास एक दिवस मुद्दाम पदरी तोटा घ्यावा लागतो. वरच्या स्थानासाठी कोरडी जुळणी करावी की खालच्या स्थानावरून निघून पावसात पुढे यावे, हा पेच हवामानाच्या अंदाजावर सोडवावा लागतो.

पात्रताफेरीतील पाऊस : पात्रताफेरी चालू असताना मार्ग सुकत असेल, तर सर्वांत शेवटी रेषा ओलांडणाऱ्यास सर्वोत्तम मार्ग मिळतो, पाऊस वाढत असेल, तर सर्वांत आधी निघणाऱ्यास. मलेशियातील सेपांग येथे २०१० मध्ये फेरारी संघ व मॅक्लारेन संघाचा लुइस हॅमिल्टन यांनी सर ओसरेल या अपेक्षेने पहिल्या टप्प्यात वाट पाहिली. पाऊस ओसरण्याऐवजी वाढला व त्यांना पिछाडीच्या रांगांतून निघावे लागले. त्याच वर्षी ब्राझीलमधील साऊँ पाउलू येथे सुकत चाललेल्या मार्गावर योग्य क्षणी स्लिक टायर घालून विल्यम्स संघाच्या निको हुल्केनबर्गने एक सेकंदाहून अधिक फरकाने अग्रस्थान मिळविले. तेव्हा त्याची गाडी सर्वांत वेगवान नव्हती. तिची वेळ मात्र अचूक होती.

काही प्रसिद्ध शर्यती : मोनॅको येथे १९८४ मध्ये मुसळधार पावसात तेराव्या स्थानावरून निघालेला आयर्तों सेन्ना दुसऱ्या स्थानावर पोहोचला आणि शेवटच्या स्थानावरून निघालेला श्टेफान बेलोफ तिसरा आला. ३१ फेऱ्यांनंतर शर्यत थांबविण्यात आली. आलँ प्रॉस्त विजयी झाला व सर्वांना निम्मे गुण मिळाले. इंग्‍लंडमधील डॉनिंग्टन येथे १९९३ मध्ये सेन्ना चौथ्या स्थानावरून निघून पाचवा झाला होता. तरीही पहिलीच फेरी संपताना तो आघाडीवर होता.

सेपांग येथे २००९ मध्ये यूरोपातील दूरचित्रवाणी-प्रेक्षकांच्या सोयीसाठी शर्यत स्थानिक वेळेनुसार सायंकाळी पाच वाजता सुरू करण्यात आली. विषुववृत्तीय प्रदेशात दुपारनंतर ढग दाटून वळवासारखा पाऊस कोसळणे ही नित्याची गोष्ट आहे. फेरारीने किमी रायकोनेनला मार्ग कोरडा असतानाच पूर्ण पावसाळी टायर घालून पाठविले. पाऊस येईपर्यंत ते टायर निकामी झाले. पुढे पाऊस इतका वाढला, की शर्यत थांबवून ३१ व्या फेरीचा निकाल ग्राह्य धरावा लागला. अंधारामुळे ती पुन्हा सुरू करता आली नाही व निम्मेच गुण दिले गेले. पुढील वर्षी शर्यतीची वेळ एक तास अलीकडे आणण्यात आली.

साऊँ पाउलू येथील २००८ च्या शर्यतीत अजिंक्यपदाचा निकाल शेवटच्या फेरीतील पावसाने लावला. अखेरच्या काही फेऱ्यांत सर आल्यावर बहुतेकांनी इंटरमीजिएट टायर घेतले. टोयोटा संघाचा टिमो ग्लॉक मात्र स्लिकवरच राहिला. शेवटच्या वळणांपाशी त्याचा वेग मंदावला व हॅमिल्टन त्यास ओलांडून पाचवा आला. हॅमिल्टनचे ९८ व शर्यत जिंकणाऱ्या फेलिपे मासाचे ९७ गुण झाले. ग्लॉकचा निर्णय त्याच्यापुरता चुकीचा नव्हता. सातव्या स्थानावरून तो सहावा आला होता. त्याच मार्गावर २०१२ मध्ये फोर्स इंडिया या भारतीय मालकीच्या संघातून धावणारा हुल्केनबर्ग व जेन्सन बटन हे दोघे हलक्या पावसात स्लिकवरच राहिले आणि इतरांपुढे चाळीस सेकंदांहून अधिक आघाडीवर गेले. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे त्यांचा निर्णय अचूक होता. परंतु सेफ्टी कार आली व ती आघाडी विरली. हुल्केनबर्ग अखेर पाचवा आला.

रशियातील सोची येथे २०२१ मध्ये अग्रस्थानावरून निघालेला लँडो नॉरिस शर्यतीच्या अखेरीस आलेल्या सरीतही स्लिक टायरवरच राहिला. मागून येणारा हॅमिल्टन संघाच्या सूचनेवरून थांबला व जिंकला. नॉरिस सातवा आला. पात्रताफेरीचे नियम व पाऊस यांचा सर्वांत गुंतागुंतीचा मेळ २०२४ मध्ये साऊँ पाउलू येथे दिसला. शनिवारच्या पावसामुळे पात्रताफेरी रविवारी सकाळी घ्यावी लागली. तीत लाल निशाणामुळे माक्स व्हेर्स्टापेनची फेरी वाया गेली व एंजिन बदलल्याच्या दंडामुळे तो सतराव्या स्थानावर ढकलला गेला. शर्यतीत काही आघाडीचे चालक टायर बदलण्यासाठी थांबल्यानंतर अपघातामुळे लाल निशाण दाखविण्यात आले. न थांबलेल्या व्हेर्स्टापेनला टायर फुकटात बदलता आले आणि त्याने शर्यत जिंकली. अग्रस्थानावरून निघालेला नॉरिस सहावा आला.

अन्य शर्यतप्रकार : अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील ५०० मैलांची शर्यत अंडाकार मार्गावर होते व पावसात ती चालविली जात नाही. निम्म्याहून अधिक फेऱ्या झाल्यावर पाऊस आल्यास त्या क्षणीचा क्रम हाच निकाल ठरू शकतो. १९७६ मध्ये केवळ १०२ फेऱ्यांनंतर म्हणजे २५५ मैलांवर शर्यत संपली व जॉनी रदरफर्ड विजयी झाला. तेथे क्षितिजावर ढग दिसताच इंधनासाठी थांबणे लांबविणे व आघाडीवर राहणे हाच डावपेच होतो.

रॅलीमध्ये गाड्या एकेक करून सोडल्या जातात व पात्रतेऐवजी निघण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. कोरड्या मातीच्या रस्त्यावर पहिली गाडी सैल खडी बाजूस सारते व मागच्यांना साफ रस्ता मिळतो, म्हणून पहिला क्रमांक तोट्याचा असतो. पाऊस पडल्यावर हे उलटते. पहिल्या गाड्यांना अखंड भूमी मिळते, तर मागच्यांना चिखलात पडलेल्या खोल चाकोऱ्यांतून जावे लागते.

भारत व महाराष्ट्र : भारतातील मोटारक्रीडेचे वेळापत्रक मॉन्सूननेच आखले आहे. मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने भरविलेली दिल्ली–मुंबई ही गाड्यांची विश्वासार्हता-चाचणी डिसेंबर १९०४–जानेवारी १९०५ मध्ये, म्हणजे नद्यांचे उतार व कच्चे रस्ते कोरडे असताना झाली. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईस जुहू विमानतळाची धावपट्टी आणि मद्रासजवळ शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टी येथे शर्यती होत. अशा धावपट्ट्या सपाट असल्याने त्यांवर पाणी साचण्याचा धोका अधिक असतो. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय शर्यतमार्गावर २०११ ते २०१३ या काळात झालेल्या तिन्ही भारतीय ग्रां प्री शर्यती ऑक्टोबरच्या अखेरीस, मॉन्सून परतल्यानंतर घेण्यात आल्या. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नेमका याच सुमारास ईशान्य मॉन्सून येतो. डिसेंबर २०२३ मध्ये योजलेली चेन्नईच्या रस्त्यांवरील रात्रीची शर्यत मिचाँग चक्रीवादळामुळे पुढे ढकलावी लागली व ती २०२४ च्या ऑगस्टअखेरीस झाली.

कोकणात पावसाळ्यात बंदिस्त मार्गावरील वेगवान शर्यत का अवघड आहे, हे आकड्यांवरून दिसते. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार चोवीस तासांत २०४·५ मिमी. किंवा त्याहून अधिक पाऊस हा अतितीव्र समजला जातो. तो दिवसभर सारखा पडला, तर ताशी सरासरी केवळ ८·५ मिमी. येतो, पण कोकणातील पाऊस सरींनी पडतो व एखाद्या तासात ५० मिमी.ही कोसळतो. पाच किमी. लांब व १२ मी. रुंद मार्गावर एका तासात असा पाऊस पडला, तर एकट्या डांबरी पृष्ठभागावर ३० लाख लि. पाणी जमा होते. आडवा उतार, सच्छिद्र डांबर व रुंद गटारे असूनही त्याचा निचरा तत्काळ होत नाही. पनवेलच्या पूर्वेस माथेरानच्या डोंगररांगेकडे पावसाचे प्रमाण आणखी वाढते. साहजिकच येथे पावसाळ्यातील मोटारक्रीडेने रॅलीचे रूप घेतले. मुंबई व नवी मुंबई परिसरात भर पावसाळ्यात भरत आलेली स्कूटरींची रॅली हे त्याचे परिचित उदाहरण आहे. तीत चिखल, ओढे व निसरडे चढ हेच स्पर्धेचे अंग असते आणि कमी वेग, हलकी गाडी व तोल यांना महत्त्व येते. नियमांनी पावसाशी झुंज न देता त्यास सामावून घेतल्याचा हा नमुना होय.

आंतरराष्ट्रीय शर्यतींत महाराष्ट्रातील चालकांनीही भाग घेतला आहे. मुंबईच्या जेहान दारूवाला याने डिसेंबर २०२० मध्ये बहारीनमधील साखिर येथे फॉर्म्युला टू मालिकेतील शर्यत जिंकली. असे यश मिळविणारा तो पहिला भारतीय होय. त्या मालिकेत दुसऱ्या शर्यतीचा प्रारंभक्रम पहिल्या शर्यतीतील पहिल्या आठ जणांची स्थाने उलटी करून ठरविला जाई. प्रारंभक्रमाच्या नियमानेही डावपेच कसे बदलतात, याचे ते उदाहरण आहे.

सुरक्षितता व न्याय : पावसातील शर्यतीचा अंतिम प्रश्न ती सुरू ठेवावी की नाही, हा असतो. जपानमधील फुजी येथे १९७६ मध्ये निकी लाउडाने धुवाधार पावसात दोन फेऱ्यांनंतर स्वेच्छेने गाडी थांबविली. सु. तीन महिन्यांपूर्वीच तो जर्मनीतील अपघातात मरणाच्या दारातून परतला होता. जेम्स हंट तिसरा आला व एका गुणाने अजिंक्य ठरला. सुझुका येथे २०१४ मध्ये पाऊस व मावळता प्रकाश असताना झ्यूल बियांचीची गाडी घसरून, दुसरी गाडी उचलत असलेल्या यंत्रावर आदळली. नऊ महिन्यांनी त्याचे निधन झाले. या अपघातानंतर, धोक्याच्या वेळी सर्व चालकांना ठराविक मर्यादेपर्यंत वेग कमी करणे भाग पाडणारी आभासी सेफ्टी कारची पद्धत २०१५ मध्ये आली.

याउलट अतिसावधगिरीने न्यायाचा प्रश्न उभा राहतो. बेल्जियममधील स्पा येथे २०२१ मध्ये गाड्यांनी सेफ्टी कारमागून काही फेऱ्या मारल्या व प्रत्यक्ष चढाओढीविना शर्यत संपली. तरीही निम्मे गुण देण्यात आले. आदल्या दिवशीच्या ओल्या पात्रताफेरीत विल्यम्सच्या दुय्यम गाडीतून दुसरे स्थान मिळविणारा जॉर्ज रसेल शर्यतीतही दुसरा ठरला. पात्रताफेरी हीच शर्यत झाली. तासन्‌तास पावसात बसलेल्या प्रेक्षकांना मात्र शर्यत पाहावयास मिळाली नाही. या टीकेनंतर २०२२ पासून सेफ्टी कारविना किमान दोन फेऱ्या झाल्याखेरीज गुण न देण्याचा व पुढे कापलेल्या अंतराच्या प्रमाणात गुण देण्याचा नियम करण्यात आला. नियम लिहिताना राहिलेली फट त्याच वर्षी जपानमध्ये उघड झाली. ५३ पैकी २८ फेऱ्याच होऊनही, शर्यत पुन्हा सुरू होऊन कालमर्यादेत संपली म्हणून पूर्ण गुण दिले गेले आणि त्यावर व्हेर्स्टापेनचे अजिंक्यपद निश्चित झाले. पुढील वर्षी ही फट बुजविण्यात आली.

पाऊस केव्हा येईल, हे रडार व स्थानिक निरीक्षणे यांच्या साहाय्याने आता पुष्कळ अचूकपणे सांगता येते. तथापि पाच किमी. मार्गाच्या एका वळणावर सर असते व दुसरे वळण कोरडे असते, तेव्हा अखेरचा निर्णय चालकाच्या हातांना जाणवणाऱ्या पकडीवरच घ्यावा लागतो. शर्यतमार्गावर हा निर्णय निष्णात संघ, आखीव नियम व सज्ज वैद्यकीय पथके यांच्या देखरेखीखाली घेतला जातो. सार्वजनिक रस्त्यावर यांपैकी काहीच नसते. थांबण्याचे अंतर दुप्पट होणे, झिजलेला टायर पाण्यावर तरंगणे व तुषारांनी दृष्टी झाकली जाणे हे नियम मात्र दोन्हीकडे सारखेच लागू असतात.